डॉक्टर सखाराम अर्जुन

स्मरणिकेसाठी यंदा एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय तुम्ही लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा कोणाविषयी लिहावे असा प्रश्न मला पडला नाही. डॉ. रखमाबाईंचे नाव आता आपल्या सर्वांना ठाऊक झाले आहे. त्यांच्यावर पुस्तके निघाली, व्याख्याने झाली, आणि तसे होणे योग्यच आहे. परंतु ज्यांच्या घरात रखमाबाई वाढल्या, ते त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे एके काळी मुंबई शहरातील नामांकित डॉक्टर होते, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते, आणि स्त्रियांच्या आरोग्याविषयी मराठीत पुस्तके लिहिणाऱ्या पहिल्या काही लेखकांपैकी एक होते. हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असेल. गिरगावातल्या या माणसाचे स्मरण गिरगाव-दादरच्या भगिनींनी ठेवू नये, हे बरे नव्हे. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

चरित्राला हात घालण्यापूर्वी माझीच एक गोष्ट सांगते. तिच्यावाचून या गृहस्थांच्या कामाचे मोल मला कळले नसते.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. माझी मोठी काकू बाळंत झाली होती, आणि आतल्या खोलीत शेक-शेगडी, धुरी, न्हाणे असा सगळा थाट आजीच्या देखरेखीखाली चालला होता. पाचव्या की सहाव्या दिवशी आजीने मला काष्ठौषधीच्या दुकानातून चार-पाच जिन्नस आणावयास पाठविले. बाळंतशेपा, वावडिंग, सुंठ, वेखंड आणि हिराबोळ. मी नावे घोकत घोकत निघाले. परंतु वाटेत मैत्रीण भेटली, गप्पा झाल्या, आणि दुकानाशी पोहोचेपर्यंत माझ्या तोंडी नुसता बोळ शब्द उरला. दुकानदाराने पुडी बांधून दिली. घरी आल्यावर आजीने पुडी सोडली, एक खडा उचलून उजेडात धरला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिले. तो काळा बोळ होता. हिराबोळ म्हणजे तांबूस-पिवळ्या रंगाचा, सुगंधी डिंक. आणि काळा बोळ म्हणजे कोरफडीच्या जातीचा आटवून वाळविलेला रस, महाकडू आणि जालीम रेचक. पहिला बाळंतिणीला देतात. दुसरा त्या प्रमाणात दिला गेला असता तर काकूचे पोट हटकून बिघडले असते, आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही त्याची झळ लागली असती. चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती. आजीने मला मारले नाही. तिने पुडी परत बांधली आणि पुन्हा पिटाळले.

आजीला नाक होते, म्हणून निभावले. पण ज्या घरात अशी आजी नाही, तिथे काय? आणि आजीचे ज्ञान आजीबरोबर गेले म्हणजे पुढे काय? हे दोन प्रश्न मला फार उशिरा पडले. डॉ. सखाराम अर्जुनांना ते दीडशे वर्षांपूर्वी पडले होते, असे त्यांच्या कार्याकडे पाहता वाटल्यावाचून राहत नाही.

सखाराम अर्जुन राऊत यांचा जन्म १८३९ सालचा. ते सुतार समाजातले. ते सहा वर्षांचे असताना, म्हणजे १८४५ साली, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याच आवारात जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालयही उघडले. पाश्चात्त्य वैद्यक एतद्देशीय तरुणांना शिकवून येथल्याच लोकांतून डॉक्टर तयार करावयाचे, असा त्या कॉलेजाचा हेतू होता. पहिल्या तुकडीतून डॉ. भाऊ दाजी लाड बाहेर पडले. ते संस्कृतज्ञ आणि पुराणवस्तूंचे संशोधक म्हणून प्रसिद्ध आहेत. पण एतद्देशीय औषधींचाही त्यांना मोठा नाद होता, आणि महारोगावर कडूकवठीच्या बियांच्या तेलाचे त्यांनी केलेले प्रयोग सर्वश्रुत आहेत. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच वाटेने गेले. अशा थोरांच्या मागोमाग सखाराम अर्जुन त्या कॉलेजात शिकले, डॉक्टर झाले, आणि पुढे तेथेच वनस्पतिशास्त्र शिकवू लागले.

आज आपल्याला वाटेल की डॉक्टर होणाऱ्या मुलांना झाडापानांशी काय कर्तव्य? पण त्या काळी निम्मीअधिक औषधे झाडापासूनच येत. विलायती पुस्तकात सांगितलेले औषध इकडे मिळत नसे, मिळाले तर जहाजाने महिनोन् महिने प्रवास करून शिळे झालेले असे, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा इकडची कोणती मुळी, कोणती साल तेच काम करील, हे समजून घेणे ही नुसती हौस नव्हती, ती गरज होती.

आणि मुंबईसारखे ठिकाण या कामाला दुसरे नव्हते. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून वनस्पती येत. एडनकडून आणि सोमाली किनाऱ्याकडून हिराबोळ येई. इराणकडून हिंग येई. हे सगळे मुंबईच्या बाजारात उतरे आणि इथूनच देशभर जाई. अडचण एकच होती, आणि ती माझ्या पुडीतल्या अडचणीसारखीच होती. नावे एक आणि वस्तू दोन. किंवा वस्तू एक आणि नावे दहा. मराठी एक नाव सांगणार, गुजराती दुसरे, संस्कृत ग्रंथात तिसरेच, आणि हकिमांचे चौथे.

स्त्रियांच्या औषधांपुरतेच पाहा. अशोकाची साल अंगावर फार जात असेल तर देतात, हे पुष्कळ बायकांना ठाऊक असते. पण तो अशोक म्हणजे तांबड्या-शेंदरी फुलांच्या झुबक्यांचा सीता-अशोक. आपल्या सोसायट्यांच्या आवारात सरळसोट वाढणारा, लांब लाटदार पानांचा जो हिरवा अशोक आपण पाहतो, तो निराळ्याच कुळातला आहे, आणि त्याची साल या कामाची नव्हे. तरीही अशोकसाल म्हणून ती बाजारात खपत आली आहे. नागकेशराचीही तीच गत. रक्तस्रावावर ते सांगितले आहे. परंतु मुंबईच्या बाजारात तांबडे नागकेशर या नावाने विकल्या जाणाऱ्या कळ्या पुष्कळदा सुरंगीच्या असत. ज्या सुरंगीचे गजरे आपण हौसेने माळतो, त्याच सुरंगीच्या. आता एखाद्या वैद्याने नागकेशर लिहून दिले आणि गुण आला नाही, तर दोष वैद्याचा, औषधाचा की नावाचा?

डॉ. सखाराम अर्जुनांनी या गोंधळावर जो उपाय केला तो दिसावयास साधा आहे. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या औषधी द्रव्यांची एक यादी इंग्रजीत प्रसिद्ध केली. प्रत्येक द्रव्याचे शास्त्रीय लॅटिन नाव, आणि त्यासोबत आपल्या लोकांच्या तोंडी असलेली नावे. सुक्या स्थितीत बाजारात मिळणारी द्रव्ये तर त्यात होतीच. शिवाय मुंबईच्या आसपास उगवणाऱ्या आणि ओल्याच वापरल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतीही त्यांनी नोंदविल्या. हा दुसरा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. सुकी औषधे दुकानदाराकडून विकत घेतली जातात, त्यांचा कोठे ना कोठे हिशेब असतो. परंतु परसातला ओला पाला, कुंपणावरची वेल, विहिरीकाठचे मूळ, यांचा व्यवहार बायकांच्या हातातला. सुईण, आजी, शेजारीण यांचे ते वैद्यक. ते कोणी लिहून ठेवीत नसे.

यादी म्हटली की आपल्याला ती रूक्ष वाटते. पण यादी करणे म्हणजे प्रत्येक वस्तू हातात घेऊन, ती कोणत्या झाडाची, हे स्वतः ठरविणे. पुडीतला चुरा पाहून झाड ओळखणे सोपे नाही. त्यासाठी झाडही माहीत असावे लागते आणि बाजारही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारा आणि गिरगावातल्या घराघरांतून रोगी पाहणारा माणूसच ते करू शकत होता. त्यांच्या या कामाचा पुढच्यांनी किती उपयोग केला ते पाहावयाचे असेल तर डॉ. डायमॉक यांचे पश्चिम हिंदुस्थानातील वनौषधींवरचे ग्रंथ पाहावेत, किंवा १८८९ ते १८९३ या काळात निघालेला जॉर्ज वॉट यांचा व्यापारी वनस्पतींचा प्रचंड कोश पाहावा. त्यांत सखाराम अर्जुनांच्या यादीचा हवाला दिलेला आढळतो. आपल्याकडचेच कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा हिंदी औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांच्या पश्चात १९१८ साली निघाला. तीही याच परंपरेतली पुढची पायरी.

आता त्यांच्या मराठी पुस्तकांविषयी. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या काळी मराठी आणि गुजराती भाषांतून वैद्यक शिकविण्याचेही वर्ग होते. इंग्रजी न येणाऱ्या होतकरू मुलांना शिकवून खेडोपाडी पाठवावयाचे, अशी ती योजना. तिथे मोठी अडचण पुस्तकांची. सखाराम अर्जुनांनी वैद्यतत्त्व हे वैद्यकाचे पुस्तक मराठीत लिहिले. गर्भविद्या आणि प्रसूतिप्रकरण यांवर लिहिले. आणि पुढे विवाहविज्ञान नावाचे पुस्तक लिहिले. शरीराचे हे विषय मराठीत उघडपणे मांडणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे आपण लक्षात घ्यावे. आपल्या लहानपणीसुद्धा हे शब्द घरात कोणी उच्चारीत नसे. बाई आजारी असली तर डॉक्टरला पडद्याआडून नाडी दाखवावयाची, आणि दुखणे सांगावयाचे ते नवऱ्याने किंवा सासूने, हीच रीत. ज्या भाषेत बाई विचार करते, त्या भाषेत तिच्या शरीराचे ज्ञान लिहून ठेवणे, म्हणजे पुढे कधी तरी ते तिच्या हाती पडेल अशी सोय करून ठेवणे होय.

त्या काळच्या बाळंतपणाचे चित्र आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. अंधारी खोली, कोंडलेला धूर, जुनी लुगडी, आणि एका घरातून दुसऱ्या घरात त्याच हातांनी जाणारी सुईण. युरोपातही १८४७ साली व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी हात धुण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांची हेटाळणीच झाली होती, आणि लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीचा प्रसार १८६७ नंतरचा. तेव्हा आपल्याच बायकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. सुईणीच्या हातात उपयोगी औषधे होती, तशी घातकही होती. कळलावीचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात ज्वाळेसारखी सुंदर फुले येणारी ही वेल. कळा लावते म्हणून तिचे नाव कळलावी. अडलेल्या बाईच्या पोटाला, तळपायाला तिच्या कंदाचा लेप लावीत. पण त्या कंदात कॉल्चिसीन हे जबर विष असते, आणि थोडाही पोटात गेला तर जिवावर बेतते. नाव उपयोग सांगते. धोका सांगत नाही. धोका सांगावयास शास्त्र लागते.

येथवर डॉक्टरांच्या विद्येविषयी लिहिले. आता त्यांच्या घरात काय घडले ते सांगते, कारण माणसाची खरी परीक्षा तिथे होते.

जयंतीबाई या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. जयंतीबाईंचे पहिले लग्न लहानपणीच झाले होते. त्यांची मुलगी रखमा २२ नोव्हेंबर १८६४ रोजी जन्मली, आणि ती अडीच वर्षांची असतानाच तिचे वडील, जनार्दन पांडुरंग, वारले. जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. सुतार समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती. काही वर्षांनी विधुर असलेल्या डॉ. सखाराम अर्जुनांशी त्यांचा विवाह झाला. पुनर्विवाह करताना जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. अशा रीतीने छोटी रखमा डॉक्टरांच्या घरी वाढू लागली.

आणि वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न लावून देण्यात आले. वर होते डॉक्टरांच्याच नात्यातले दादाजी भिकाजी, वय वर्षे एकोणीस.

इथे माझी लेखणी अडली, हे मी प्रांजळपणे सांगते. गर्भविद्येवर पुस्तक लिहिणारा माणूस, अल्पवयीन मातृत्वाने मुलींच्या शरीराची काय दशा होते हे रोज डोळ्यांनी पाहणारा डॉक्टर, त्याच्याच घरात अकरा वर्षांची मुलगी बोहल्यावर कशी चढली? त्या वयात मी बोळाचे नावसुद्धा धड लक्षात ठेवू शकत नव्हते. जात, घरची वडीलधारी माणसे, मुलीच्या नावावरची मालमत्ता आपल्या माणसांत राहावी ही समजूत, या सगळ्यांचे वजन त्या निर्णयात असेल. कारणे काहीही असोत, चूक ती चूकच. चरित्र लिहिताना नायकाची चूक झाकावी असे मला वाटत नाही.

परंतु पुढे जे घडले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लग्नानंतर सुमारे सात महिन्यांनी रखमा वयात आली. रिवाजाप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हावयाचा आणि मुलगी नवऱ्याच्या स्वाधीन करावयाची. डॉ. सखाराम अर्जुनांनी त्याला साफ नकार दिला. इतक्या कोवळ्या वयात शरीरसंबंध आणि मातृत्व हे मुलीच्या जिवाला अपायकारक आहे, असे त्यांचे वैद्यकीय मत होते, आणि ते मत त्यांनी पुस्तकात न ठेवता घराच्या उंबरठ्यावर आणले. रखमा माहेरीच राहिली. घरी पुस्तके होती, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत, घरी सुधारक मंडळींचा राबता होता. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना मुलगी जाऊ लागली. जी दोन-चार वर्षांत आई व्हावयाची, ती वाचू लागली आणि विचार करू लागली.

हा नकार किती मोलाचा होता, ते शेजारच्या एका उदाहरणावरून कळेल. रखमाबाईंहून काही महिन्यांनी लहान असलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यास अमेरिकेला निघाल्या. १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तोही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. पुढच्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले. एकीला मातृत्वाच्या आघाताने वैद्यकाकडे नेले. दुसरीला तो आघात टळल्यामुळे वैद्यकापर्यंत पोहोचता आले.

१८८३ हे साल मुंबईच्या इतिहासात मोठे शुभ म्हणावे लागेल. त्या वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजाची दारे स्त्रियांना उघडली. त्याच वर्षी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनी चालवावयाच्या कामा रुग्णालयाची कोनशिला बसली आणि वर्षअखेरीस डॉ. एडिथ पीची विलायतेहून मुंबईत आल्या. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या संग्रहालयात आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. हे संग्रहालय म्हणजेच राणीच्या बागेतले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेले. त्या आठांत दोन हिंदी होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ही संस्था आजही मुंबईत काम करीत आहे.

परंतु घरात वादळ जमत होते. दादाजींनी शिक्षण अर्धवट सोडले होते, डॉक्टरांच्या नजरेखाली राहण्याचे त्यांना जमले नाही, आणि ते आपल्या मामांकडे राहावयास गेले होते. १८८४ साली त्यांनी बायकोला नांदावयास पाठवा, अशी मागणी केली. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी जाण्यास नकार दिला, आणि डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वकिलांच्या नोटिसा झाल्या आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. नात्यातल्या माणसाविरुद्ध, जातीविरुद्ध, आणि सावत्र मुलीसाठी. घरातली शांतता आणि बाहेरची प्रतिष्ठा दोन्ही त्यात खर्ची पडली असणार.

निकाल पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १६ एप्रिल १८८५ रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे शेहेचाळिसाच्या आसपास.

पुढची हकीकत आपणां सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. देशात आणि विलायतेत खळबळ उडाली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला त्यामागे या खटल्याने पेटविलेली चर्चाही होती.

डॉक्टरांच्या लावलेल्या झाडाची एक फांदी पुढे कशी उपयोगी पडली, हे पाहून मला नवल वाटते. नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस झालेले फिप्सन साहेब हे डॉ. एडिथ पीचींचे पती झाले. त्याच पीचीबाईंनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचे उत्तेजन दिले आणि विलायतेला जाण्याच्या कामी साहाय्य केले. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या, वैद्यकाच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन परत आल्या, आणि सुरतेस व नंतर राजकोटास त्यांनी तीसहून अधिक वर्षे स्त्रियांची सेवा केली. किती बाळंतिणी त्यांच्या हातून सुखरूप सुटल्या असतील, त्याची गणती कोणी केली नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या.

आणि डॉक्टरांच्या औषधींचे काय झाले? ते काम आज मुंबईतच, आपल्या परळलाच चालू आहे. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल, शतावरी वगैरे औषधींची आधुनिक पद्धतीने परीक्षा केली. डहाणूकरबाई २००२ साली गेल्या, पण त्यांची झाडांवरची सुंदर मराठी पुस्तके आपल्यातल्या अनेकींनी वाचली असतील. परळलाच स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे.

या परीक्षांतून काय निघते, ते आपण मोकळ्या मनाने ऐकावे. कधी आजीचे म्हणणे खरे ठरते, कधी ठरत नाही, आणि कधी नवीच सावधगिरी कळते. शतावरीने दूध वाढते असे आपण सर्व जणी मानतो. पण १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर चाचणीत, दूध कमी असलेल्या मातांना शतावरी देऊन दूध आणणाऱ्या संप्रेरकात वाढ दिसली नाही. उलट अडुळसा घ्या. खोकल्यावर आपण तो निर्धास्त देतो. पण त्यातील व्हॅसिसीन हे द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडविते असे प्रयोगांत आढळले आहे, म्हणून गरोदर बाईने तो आपल्या मनाने घेऊ नये. अळीव मात्र लोहाने समृद्ध आहे, हे रसायनशाळेतही मान्य आहे. तेव्हा जुने म्हणून सगळे टाकावयाचे नाही, आणि जुने म्हणून सगळे गिळावयाचेही नाही. आधी वस्तू ओळखावयाची, मग तिचा गुण तपासावयाचा.

गेल्या वर्षी माझी सून बाळंत झाली. हल्ली बाळंतकाढ्याच्या बाटल्या तयार मिळतात. आप्तेष्टांनी दोन आणून दिल्या. सुनेने बाटली उलटीसुलटी करून त्यावरची घटकांची यादी वाचली आणि आपल्या डॉक्टरीणबाईंना दाखविली, त्यातील एक त्यांनी बाजूला ठेवावयास सांगितली. माझ्या एका नणंदेला ते आवडले नाही. आमच्या वेळी असे कोणी विचारीत नसे, असे त्यांना वाटले. मला मात्र त्या क्षणी आजी आठवली. उजेडात धरलेला तो काळा खडा आठवला. सून काही निराळे करीत नव्हती. आजी नाकाने करीत होती तेच ती वाचून करीत होती. आणि तिला वाचता येईल अशा रीतीने नावे लावून ठेवणारा एक माणूस आमच्याच गिरगावात होऊन गेला.

डॉ. सखाराम अर्जुनांचा पुतळा कोठे असल्याचे मला ठाऊक नाही, आणि पुतळा उभारा असे मी सुचवीतही नाही. आपल्या मंडळात दर महिन्याला आरोग्यावर एखादे व्याख्यान होते, त्यातील एक दरवर्षी १६ एप्रिलच्या सुमारास त्यांच्या नावे ठेवावे, आणि त्या दिवशी प्रत्येकीने आपल्या घरातील बाळंतपणाच्या औषधांतील एक जिन्नस सोबत आणावा. तो काय आहे, कोणत्या झाडाचा आहे, आणि तो कोणी घेऊ नये, एवढे जाणकार भगिनीकडून समजून घ्यावे. वर्षभरात आपल्याजवळ एक छोटी यादी तयार होईल. त्या यादीच्या वहीसाठी लागणारा पहिला जिन्नस मी आणीन. तो हिराबोळ असेल, आणि शेजारी दुसऱ्या पुडीत काळा बोळही असेल.